टाउनमध्ये मैदान, ट्रेल, मोकळी जमीन: अमेरिकेत सरकारी ग्रँट मिळवायची कशी

उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी बेसबॉलच्या मैदानाच्या कडेला, कचऱ्याचा डबा स्टंप म्हणून उभा करून खेळणारी आपली मंडळी कुठल्याही उपनगरात दिसतात. दोनेक सीझन गेले की कुणाला तरी सुचतं, "टाउनला सांगून पिच करून घेऊ की!" आम्हालाही सुचलं. तिघं जण कौन्सिलच्या मीटिंगला गेलो, माईकवर प्रत्येकी तीन मिनिटं बोललो. मेयरनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कल्पना छान आहे, पण बजेट नाही." आम्ही घरी आलो.

पुढे मी टाउनच्या पार्क कमिटीवर बिनपगारी सभासद म्हणून शिरलो, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला. टाउनच्या तिजोरीत पैसे नाहीत, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पार्क, ट्रेल, तळ्याकाठची जमीन यांच्यासाठीचा मोठा पैसा तिजोरीबाहेरच असतो आणि तो आणायला कुणीतरी कागद हातात घेऊन बसावं लागतं. आमचा पहिला अर्ज फेटाळला गेला, दुसरा मंजूर झाला. त्या दोन्हींतून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. तुम्हाला क्रिकेटऐवजी चालायची वाट हवी असेल, कयाक उतरवायची जागा हवी असेल, किंवा घरामागचं रान बिल्डरच्या हाती जाण्याआधी वाचवायचं असेल, तरी रस्ता जवळपास हाच आहे.

पैसा कुठून येतो ते आधी समजून घ्या

सगळ्यात मोठं नाव म्हणजे लँड अँड वॉटर कन्झर्व्हेशन फंड. याचा कायदा 1964चा, प्रेसिडेंट जॉन्सन यांच्या सहीचा. कल्पना सरळ होती. 1968च्या दुरुस्तीनंतर ती अशी: समुद्रातलं तेल आणि वायू काढायला कंपन्यांना परवाने दिले की केंद्र सरकारला जी रॉयल्टी मिळते, तिचा एक वाटा जमीन आणि मोकळ्या हवेतल्या करमणुकीसाठी परत द्यायचा. वर्षाला 90 कोटी डॉलरची मर्यादा ठरली, पण अमेरिकी काँग्रेस (संसद) दरवर्षी त्यातला बराचसा पैसा दुसरीकडे वळवत राहिली. 2019च्या कायद्याने हा फंड कायमचा झाला आणि ऑगस्ट 2020मध्ये ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स अ‍ॅक्टने पूर्ण 90 कोटी दरवर्षी मिळण्याची तरतूद केली. यातले किमान 40 टक्के केंद्राच्या जमिनींकडे आणि किमान 40 टक्के राज्यांकडे जातात. टाउन आणि काउंटीला मिळतो तो राज्यांच्या वाट्यातला पैसा. नॅशनल पार्क सर्व्हिस तो राज्याला देते आणि राज्य अर्ज मागवून पुढे वाटतं. म्हणजे तुमची गाठ वॉशिंग्टनशी पडत नाही, राज्याच्या पार्क किंवा नैसर्गिक संसाधन खात्यातल्या एका माणसाशी पडते. त्या माणसाचं नाव आणि फोन शोधणं हे तुमचं पहिलं काम.

ट्रेलसाठी वेगळी थैली आहे, रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅम. बर्फावर आणि कच्च्या वाटांवर चालणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलवरचा केंद्रीय कर हा तिचा मूळ स्रोत. 30 टक्के मोटरवाल्या ट्रेलना, 30 टक्के बिनमोटरच्या, उरलेले 40 टक्के दोन्हींचा मेळ घालणाऱ्यांना. इथे साधारण 80 टक्के पैसा ग्रँटमधून येतो, 20 टक्के तुम्ही आणायचा. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्याने मैदानाऐवजी ट्रेलपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, त्याचं कारण हेच प्रमाण.

तिसरी थैली शिकारी आणि मासेमारांची. 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर 11 टक्के, पिस्तुलांवर 10 टक्के उत्पादन कर बसतो. मासेमारीच्या सामानावर 1950पासून तसाच कर आहे. हा पैसा राज्याच्या वन्यजीव खात्याला जातो आणि तीन वाटे केंद्र, एक वाटा राज्य असा खर्च होतो. टाउनला तो सहसा थेट मिळत नाही, मात्र बोट उतरवायच्या रॅम्पसाठी राज्याच्या खात्याशी भागीदारी करता येते. दुर्बीण घेऊन बदकं बघायला जाणाऱ्या आपल्यासारख्या शाकाहारी माणसाच्या पायाखालची पाणथळ जमीन बऱ्याचदा शिकाऱ्यांच्या पैशातून राखलेली असते, हे कळल्यावर मी जरा वरमलो आणि पोस्टात जाऊन 25 डॉलरचा डक स्टॅम्प, म्हणजे पाणथळ जमिनींसाठी पैसा उभारणारं केंद्राचं तिकीट, घेऊन आलो. तो घ्यायला शिकारीच असावं लागत नाही.

आणि मग राज्याराज्यांचे स्वतःचे मार्ग. मिझुरीत 1976च्या मतदानामुळे सेल्स टॅक्समध्ये एक अष्टमांश टक्का निसर्गरक्षणासाठी आहे, म्हणजे आठ डॉलरच्या खरेदीमागे एक सेंट. मिनेसोटाच्या मतदारांनी 2008मध्ये तीन अष्टमांश टक्का मान्य केला, तो 2034पर्यंत चालेल. कोलोरॅडोत 1992पासून लॉटरीच्या नफ्यातून ग्रेट आउटडोअर्स कोलोरॅडो हा फंड चालतो. मिशिगनचा ट्रस्ट फंड सरकारी जमिनीतल्या तेल-वायूच्या रॉयल्टीवर उभा राहिला आणि 2011मध्ये 50 कोटी डॉलरच्या ठरलेल्या मर्यादेला पोहोचला. टेक्सासने 2023मध्ये नव्या स्टेट पार्कांच्या जमिनीसाठी एकदम 100 कोटी डॉलरचा फंड मतदानाने उभा केला. न्यू जर्सीत 1961पासून ग्रीन एकर्स हा पार्क आणि मोकळ्या जमिनींसाठीचा राज्याचा कार्यक्रम आहे, शिवाय 21च्या 21 काउंटींचा स्वतःचा ओपन स्पेस टॅक्स आहे.

मॅसॅच्युसेट्सबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिथे सामान्य माणसाला सगळ्यात जवळचा दरवाजा आहे. 2000च्या कम्युनिटी प्रिझर्व्हेशन अ‍ॅक्टनुसार टाउन मतदान घेऊन प्रॉपर्टी टॅक्सवर 3 टक्क्यांपर्यंत अधिभार लावू शकतं, राज्यही त्यात भर घालतं. त्यातला किमान दहावा हिस्सा मोकळ्या जागा आणि करमणुकीसाठी, दहावा ऐतिहासिक वास्तूंसाठी, दहावा परवडणाऱ्या घरांसाठी ठेवावा लागतो. पैसा कुठे द्यायचा याची शिफारस टाउनचीच कमिटी करते. त्या राज्यात राहत असाल तर आधी टाउनने हा कायदा स्वीकारलाय का ते बघा. स्वीकारला असेल तर केंद्राच्या मागे लागण्याआधी तिथे जा.

जागा आधी, नकाशा मग

आमचा पहिला अर्ज जागेवरच अडला. पार्काच्या मागची सपाट, हिरवी, कुणी न वापरणारी जमीन आम्ही हेरून ठेवली होती. चार एकर, क्रिकेटला अगदी नेमकी. मोजणी झाल्यावर कळलं की त्यातला तिसरा हिस्सा पाणथळ आहे आणि मधून वीज कंपनीचा हक्काचा पट्टा जातो. कुणी ती जमीन वापरत नव्हतं याचं कारण तेव्हा समजलं.

तेव्हा टाउन हॉलमध्ये जाऊन जागेचं खरेदीखत मागा. मालक टाउन, काउंटी, शाळा की आणखी कुणी, ते त्यावरून कळेल. मालक दुसराच असेल तर पुढे सांगितलेली कायमची अट त्यालाही मान्य करावी लागते, आणि शाळेचं बोर्ड ती मान्य करायला वर्ष लावतं. मग पूररेषेचा नकाशा, पाणथळीचा नकाशा, जमिनीखालच्या नळ-तारांचे पट्टे. यातलं बरंचसं ऑनलाइन फुकट बघता येतं. एक संध्याकाळ जाईल.

जागेवरून वरच्यावर विजेच्या तारा जात असतील तर त्याचाही विचार आत्ताच करा. लँड अँड वॉटरच्या पैशातून होणाऱ्या कामात नव्या तारा जमिनीखालून न्याव्या लागतात.

काय बसतं आणि काय बसत नाही, हेही इथेच ठरवून टाका. मैदानं, ट्रेल, पिकनिकची जागा, पोहण्याचा तलाव, खेळाची साधनं, मासेमारीचा धक्का, पार्किंग, संडास हे सगळं बसतं. बंद इमारतीतली करमणूक सहसा बसत नाही. गणपतीला भाड्याने हॉल शोधून कंटाळलेलं मंडळ याच पैशातून कम्युनिटी सेंटर होईल का विचारतं, तेव्हा मला नाही म्हणावं लागतं.

कायमची अट: सहीच्या आधी तीनदा वाचा

1964च्या कायद्यातलं 6(एफ)(3) हे कलम या सगळ्या प्रकाराचा कणा आहे. अर्जासोबत तुम्ही एक नकाशा जोडता, त्यावर पार्काची हद्द आखलेली असते. पैसा घेतला की त्या हद्दीतली जमीन कायमची सार्वजनिक, मोकळ्या हवेतल्या करमणुकीसाठी बांधली जाते. वीस वर्षं, पन्नास वर्षं असा हिशेब इथे नाही. आणि बांधली जाते ती तुम्ही काम केलेल्या तुकड्यापुरती नव्हे, नकाशावर आखलेली सगळी. पाच हजार डॉलरचे झोके लावले आणि हद्द पन्नास एकरांची आखली, तर पन्नास एकर अडकले.

पुढे कधी त्यातला कोपरा फायर स्टेशनसाठी, पाण्याच्या टाकीसाठी, मोबाइल टॉवरच्या भाडेकरारासाठी हवासा वाटला, तर त्याला 'कन्व्हर्जन' म्हणतात. नॅशनल पार्क सर्व्हिसची परवानगी लागते, आणि बदल्यात किमान तेवढ्याच बाजारभावाची, तेवढ्याच उपयोगाची दुसरी जमीन पार्कात घालावी लागते. गजबजलेल्या टाउनमध्ये तशी जमीन मिळणं जवळपास अशक्य. म्हणून टाउनचे वकील या कलमाला घाबरतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. कौन्सिलमध्ये कुणी विरोध केला तर त्याला निसर्गाचा शत्रू ठरवू नका. त्याला हद्दीचा नकाशा दाखवा, भविष्यात रस्ता रुंद होणार असेल तर ती पट्टी आधीच हद्दीबाहेर ठेवा. मात्र हद्द फार लहान आखून तुकडा तोडलात तर राज्य परत पाठवतं, कारण उरलेला भाग स्वतंत्र पार्क म्हणून उभा राहायला हवा.

न्यू जर्सीत याहून कडक आहे. ग्रीन एकर्सचा पैसा एका पार्कासाठी घेतला तरी त्या वेळी टाउनच्या ताब्यात करमणूक आणि निसर्गरक्षणासाठी असलेल्या सगळ्या जमिनी बांधल्या जातात. त्यांची यादीच द्यावी लागते. ती यादी नीट वाचली नाही म्हणून जुन्या कचराडेपोच्या शेजारचा तुकडा चुकून पार्क म्हणून नोंदवला गेल्याची गोष्ट मी दोन वेगवेगळ्या टाउनच्या लोकांकडून ऐकली आहे.

आणखी एक अट आपल्या लोकांना बोचते. पैसा सार्वजनिक आहे म्हणून जागा सर्वांची. "फक्त रहिवाशांसाठी" अशी पाटी लावता येत नाही. बाहेरच्यांकडून जास्त फी घेता येते, पण रहिवाशांच्या दुपटीपेक्षा जास्त नाही. एखाद्या लीगने पूर्ण सीझन मैदान स्वतःच्या नावावर करून टाकणंही चालत नाही. आमच्या क्लबच्या सेक्रेटरींना हे समजावायला तीन फोन लागले. "आपण पैसे जमवले, मग आपलं नाही?" आपलं आहे, बाकीच्यांचंही आहे.

मॅच: तुमच्या हातचा निम्मा

लँड अँड वॉटरमध्ये केंद्राचा वाटा जास्तीत जास्त निम्मा. उरलेला निम्मा तुम्ही आणायचा, याला 'मॅच' म्हणतात. बहुतेक लोक इथे हात टेकतात, कारण मॅच म्हणजे रोख असंच त्यांना वाटतं. तसं नसतं. दान मिळालेली जमीन, दान मिळालेलं साहित्य, कॉन्ट्रॅक्टरने फुकट दिलेली मशीन आणि स्वयंसेवकांचे तास हे सगळं मोजता येतं. फक्त करार होण्याआधीचं चालत नाही, आणि कागद लागतो.

एक नमुना घ्या. क्रिकेटचं मैदान, काँक्रीटवर मॅट घातलेली 22 यार्डांची पिच, फिरायची वाट आणि बाकं मिळून 2,40,000 डॉलर. ग्रँट 1,20,000. मॅचमध्ये टाउनचे रोख 65,000, काउंटीच्या ओपन स्पेस फंडातून 30,000, क्रिकेट क्लबची देणगी 10,000, आणि शेवटचे 15,000 हे श्रम आणि उसनी मशीन. टाउनला 2,40,000चं मैदान 65,000त पडलं. कौन्सिलपुढे हे एकच वाक्य बोला, तीन मिनिटं लागणार नाहीत.

श्रमांचा दर लावताना घोटाळे होतात. नियम असा की माणूस जे काम करतो त्या कामाचा दर. आठवड्याचे पाच दिवस डेटाबेस सांभाळणारा आपला गडी शनिवारी फावडं मारत असेल तर त्याचा तास मजुराचा. तोच सर्व्हेअर असेल आणि जमिनीची मोजणी स्वतः करून देत असेल तर सर्व्हेअरचा दर लावता येतो. आम्ही एक वही केली होती. तारीख, नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काम, सही. पहिल्या शनिवारी 22 जण आले आणि सही 14 जणांनी केली. उरलेल्या आठ जणांचे चार-चार तास वाया गेले. पुढच्या वेळी वही समोशांच्या टेबलावर ठेवली, मग एकही सही चुकली नाही.

केंद्राच्या पैशाला केंद्राचाच पैसा मॅच म्हणून चालत नाही. याला दोन मोठे अपवाद आहेत. शहरविकासाची कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट आणि वर सांगितलेला ट्रेल्स प्रोग्रॅम. यांचा पैसा लँड अँड वॉटरला जोडता येतो. राज्याचा, काउंटीचा पैसा तर चालतोच. दोन-तीन थैल्या एकमेकींवर चढवायच्या आणि प्रत्येकीला दुसरीचं पत्र दाखवायचं, हे या कामातलं खरं कसब. काउंटी विचारते राज्याने दिले का, राज्य विचारतं काउंटीने दिले का. आधी काउंटीकडून "राज्याची मंजुरी मिळाल्यास देऊ" असं सशर्त पत्र घ्या, म्हणजे गाठ सुटते.

आता सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट. हा पैसा आगाऊ मिळत नाही. टाउनने आधी खर्च करायचा, बिलं आणि चेकच्या प्रती पाठवायच्या, मग निम्मा परत येतो. म्हणजे काही महिने तरी टाउनच्या खात्यातून मोठी रक्कम बाहेर असणार. छोट्या टाउनच्या ट्रेझररला हे पहिल्याच भेटीत सांगा. शेवटी कळलं तर तो अख्खा प्रकल्प थांबवेल, आणि त्याचं बरोबर असेल.

अर्ज

दर पाच वर्षांनी प्रत्येक राज्याला करमणुकीचा आराखडा करावा लागतो. त्याचं लघुनाव स्कॉर्प. हा केला नाही तर राज्याला केंद्राचा पैसाच मिळत नाही. अर्जांना गुण देताना राज्य याच आराखड्यातल्या प्राधान्यांशी ताडून बघतं. तेव्हा अर्ज लिहायला बसण्याआधी तुमच्या राज्याचा स्कॉर्प उतरवून घ्या आणि त्यातली तुमच्या भागाची पानं वाचा. "आमच्या भागात चालायच्या वाटा कमी आहेत" असं राज्यानेच लिहिलेलं असेल तर तेच वाक्य, पान क्रमांकासह, तुमच्या अर्जात यायला हवं. आमच्या पहिल्या अर्जात क्रिकेटच्या इतिहासावर दीड पान होतं. गुण शून्य. दुसऱ्या अर्जात आम्ही वाट पुढे आणली आणि पिच तिच्या पोटात घातली.

टाउनचा ठराव लागतो, आणि जाहीर सभा घेऊन लोकांना बोलू दिल्याचा पुरावा. सभेला विरोधकही येऊ द्या. शेजारच्या आजींनी पार्किंग आणि दिव्यांबद्दल तक्रार केली, आम्ही दिवे काढून टाकले आणि ते अर्जात लिहिलं. त्याचे गुण मिळाले असावेत असा माझा कयास आहे.

अंदाजपत्रक इंजिनिअरकडून करून घ्या. फुकटात करणारा ओळखीतला इंजिनिअर असेल तर उत्तम, पण सही त्या राज्यात परवाना असलेल्याची हवी. अपंगांच्या सोयी शेवटी चिकटवू नका. पार्किंगपासून प्रेक्षकांच्या बाकांपर्यंत व्हीलचेअर जाईल अशी वाट पहिल्याच नकाशात आखा. तिचा चढ 20 फुटांना एक फुटापेक्षा जास्त झाला की ती रॅम्प ठरते, मग कठडे आले आणि खर्च वाढला.

पर्यावरणाचा तपास हा वेळखाऊ भाग. केंद्राचा पैसा आला की पर्यावरण धोरण कायदा, ऐतिहासिक वास्तूंचा कायदा आणि दुर्मीळ प्रजातींचा कायदा तिन्ही लागू होतात. राज्याच्या ऐतिहासिक वारसा कार्यालयाला पत्र, वन्यजीव खात्याला पत्र, आणि मूळ अमेरिकन जमातींशी सल्लामसलत. ही पत्रं अर्जाच्या अंतिम तारखेआधी तीन-चार महिने पाठवा. झाडं तोडायची असतील तर वटवाघळांचा विचार करावा लागतो. काही राज्यांत ती शीतनिद्रेत असतात त्या थंडीच्या महिन्यांतच झाड पाडायला परवानगी मिळते. कॉन्ट्रॅक्टरच्या वेळापत्रकाला ही अट आली की सगळं पाच महिने सरकतं.

टाउनकडे केंद्रीय युनिक एंटिटी आयडी, म्हणजे केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेचा ओळख क्रमांक, आहे का ते फायनान्स ऑफिसमध्ये विचारा. एप्रिल 2022पासून जुन्या डन्स क्रमांकाऐवजी तो लागतो. आहे म्हणाले तरी नोंदणी चालू आहे का तेही विचारा.

तारखा राज्यागणिक वेगळ्या. मिशिगनचा ट्रस्ट फंड 1 एप्रिलपर्यंत अर्ज घेतो आणि तिथे टाउनने किमान 25 टक्के आणायचे असतात. तुमच्या राज्यातली चालू फेरी कधीची, यंदा पैसा उपलब्ध आहे की नाही, हे त्या खात्यातल्या माणसाला फोन करून विचारा. तो माणूस तुमच्या बाजूचा असतो. त्याला चांगले अर्ज हवे असतात. तारखेच्या सहा आठवडे आधी कच्चा अर्ज दाखवलात तर बहुतेक ठिकाणी तो चुका सांगतो. आमचा दुसरा अर्ज त्याने लाल पेनाने रंगवून परत दिला होता.

मंजुरी आली म्हणून कुदळ मारू नका

राज्याने "निवड झाली" असं पत्र दिलं की टाउनमध्ये फोटो निघतात. पण ती मंजुरी नाही. त्यानंतर नॅशनल पार्क सर्व्हिस तपासते, मग करार होतो, आणि त्यात सहज वर्ष जातं. करारावर सह्या होण्याआधी केलेल्या बांधकामाचा एक डॉलरही परत मिळत नाही. आराखडे, सर्वेक्षण असा काही पूर्वखर्च चालतो, पण सिमेंट नाही.

शेजारच्या एका टाउनने हेच केलं. ऑक्टोबरमध्ये कॉन्ट्रॅक्टर मोकळा होता, थंडी येण्याआधी स्लॅब घालून घेऊ म्हणाले. घातला. सह्या झाल्या डिसेंबरात. स्लॅबची सगळी बिलं परत आली, आणि तो खर्च मॅचमध्येही धरला गेला नाही.

टेंडर केंद्राच्या नियमांनी काढावं लागतं, ओळखीच्याला काम देता येत नाही. लोखंड, पोलाद आणि बांधकामसाहित्य अमेरिकी असावं ही 2021च्या कायद्यातली अटही लागू होऊ शकते. क्रिकेटची मॅट परदेशी बनावटीची घ्यायचं आमच्या मनात होतं. ते काम शेवटी क्लबच्या पैशातून, ग्रँटच्या हिशेबाबाहेर ठेवलं. आधी विचारा, मग ऑर्डर द्या.

जमीन विकत घेऊन वाचवायची असेल तर

इथे घाई असते. म्हातारा शेतकरी वारतो, मुलं दोन महिन्यांत विकायला काढतात, आणि ग्रँट दीड वर्षाने मिळणार. यावर उपाय म्हणजे लँड ट्रस्ट. या बिनसरकारी संस्था स्वतःचे किंवा कर्जाऊ पैसे घालून जमीन लगेच ताब्यात घेतात आणि ग्रँट आल्यावर टाउनला विकतात. टाउनने स्वतःच आधी खरेदी करायची असेल तर राज्यामार्फत नॅशनल पार्क सर्व्हिसकडून आधीच लेखी सूट घ्यावी लागते. खरेदीनंतर मागितलेली सूट मिळत नाही.

किंमत ठरते ती केंद्रीय निकषांनी केलेल्या मूल्यांकनावर. मालक त्याहून जास्त मागत असेल तर वरचा फरक टाउनचा. कमी घेत असेल तर तो फरक देणगी म्हणून मॅचमध्ये येऊ शकतो, आणि मालकाला करातही फायदा होतो. मालकाला जमीन विकायची नसेल, फक्त तिथे घरं होऊ नयेत असं वाटत असेल, तर कन्झर्व्हेशन ईझमेंट हा मार्ग आहे. मालकी त्याची राहते, बांधकामाचा हक्क तेवढा कायमचा सुटतो. मोठ्या खासगी जंगलांसाठी फॉरेस्ट लेगसी प्रोग्रॅम 75 टक्क्यांपर्यंत पैसा देतो.

तुमच्या काउंटीत फंडच नसेल तर

तर तो मतदानाने उभा करता येतो, आणि वर सांगितलेल्या मिझुरी, मिनेसोटा, कोलोरॅडो, टेक्सास या सगळ्यांचे फंड तसेच उभे राहिले. त्यातून आपल्या मंडळांचा एक प्रश्न नेहमी येतो. 501(सी)(3), म्हणजे करमुक्त धर्मादाय, अशी नोंदणी असलेल्या संस्थेला यात पडता येतं का? उमेदवाराचा प्रचार अजिबात नाही. मतपत्रिकेवरच्या प्रस्तावाला पाठिंबा देता येतो, तो लॉबिंगमध्ये मोडतो आणि त्याला मर्यादा आहे. मंडळाच्या सीएला विचारून आयआरएसकडे, म्हणजे केंद्राच्या कर खात्याकडे, 501(एच)ची निवड नोंदवली तर ती मर्यादा आकड्यात कळते, नुसत्या अंदाजावर राहावं लागत नाही.

पैसे परत आल्यानंतर

शेवटचं बिल मिटलं की कमिटीतले लोक पांगतात. काम मात्र संपत नाही. फंडाचं नाव असलेली कायमची पाटी लावावी लागते. हद्दीचा नकाशा, करार आणि खरेदीखत यांची एक फाइल टाउन क्लार्ककडे आणि एक तुमच्या घरी ठेवा. क्लार्क बदलतात, तळघरात पाणी शिरतं. दर पाच वर्षांनी राज्याचा माणूस तपासणीला येतो. आमच्याकडे आला तेव्हा त्याने पिचकडे बघितलंसुद्धा नाही. नकाशा उघडून हद्दीवरून चालत गेला आणि मागच्या कोपऱ्यात थांबला. सार्वजनिक बांधकाम खात्याने तिथे बर्फावर टाकायच्या मिठाचा ढीग आणून ठेवला होता. तीस दिवसांत हलवा म्हणाला. हलवला, आणि त्याचे फोटो मी फाइलीत लावले.